चला, वडगावला झाडं मोजायला!

लोणावळ्याला तुम्ही गेला असालच. भुशी धरणावर भिजला असाल, येताना चिक्कीचे पुडेही आणले असतील. पण पुण्याहून लोणावळ्याला निघालेल्या लोकलने तळेगाव सोडलं की लगेच एक स्टेशन येतं, तिथे कधी उतरलात का? पाटीवर नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं असतं. आपण म्हणतो वडगाव मावळ. मावळ तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी इथे, कोर्ट इथे, त्यामुळे सातबाऱ्यासाठी आणि तारखांसाठी अवघा मावळ इथे येतो. हौसेने फिरायला मात्र कुणी येत नाही!

मी म्हणते, एकदा या. तेही झाडं बघायला. तुम्ही म्हणाल, झाडं बघायला वडगावला कशाला यायला हवं, झाडं काय सगळीकडेच असतात. खरं आहे. पण हे गाव मोठ्या मजेच्या जागी वसलेलं आहे. पश्चिमेला लोणावळा, तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला पुणं, तिथे जेमतेम सातशे. वडगाव या दोन्हींच्या मधोमध. त्यामुळे घाटावरचा ओल आवडणारा हिरडा आणि जांभूळ इथे रमतात, आणि देशावरचा कडुलिंब नि बाभूळही नांदतात. इंद्रायणीच्या खोऱ्यातली भातखाचरं, पलीकडे डोंगररांग आणि आकाश भरून येणारे ढग. एवढ्या भांडवलावर इथल्या बागा किती नटायला हव्यात! आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते.

महादजींनी गुलमोहर पाहिला होता का?

वडगावचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक असेल. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज मराठ्यांनी इथे कोंडीत पकडली आणि तह करायला भाग पाडलं. महादजी शिंद्यांचं नाव त्या विजयाशी कायमचं जोडलं गेलं. गावात त्याचं स्मारक आहे. मुलांना घेऊन गेलात तर जरूर दाखवा.

आठवीच्या मुलींना हा तह शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारते. ‘महादजींच्या सैन्याने इथे कोणकोणती झाडं पाहिली असतील?’ मुली पटापट हात वर करतात. वड, पिंपळ, आंबा, आणि... गुलमोहर! इथे मी त्यांना थांबवते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आपल्याकडे तो आला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे वडगावच्या लढाईत लढलेल्या एकाही शिपायाने गुलमोहराचं फूल पाहिलेलं नाही. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा. टेकड्यांवर फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरून जाणारं गिरिपुष्प, ज्याला खेड्यात उंदीरमारी म्हणतात, तेही मध्य अमेरिकेतून आलेलं. आज आपल्या डोळ्यांना ‘झाड’ म्हणून जे सवयीचं झालं आहे, त्यातलं निम्मं त्या काळी इथे नव्हतंच.

त्या सैनिकांनी पाहिले ते वड, उंबर, आंबे, जांभळी, हिरडे, ऐन. जानेवारी सरता सरता डोंगरात पांगारा आणि पळस लाल होऊ लागतात, ते त्यांनी पाहिलं असेल. चिंचाही पाहिल्या असतील. आणि गंमत अशी, की आपण जिला पक्की गावची म्हणतो ती चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. फक्त ती इतक्या जुन्या काळी आली की माहेर विसरून इथलीच होऊन गेली!

तेव्हा परदेशी म्हणून कुणाला हाकलून द्यायचं नाही. नाही तर पेरू, पपई आणि सीताफळही अंगणातून जाईल, आणि देवाला वाहतो तो पांढरा चाफाही जाईल. हे सगळे अमेरिकेहून आलेले पाहुणे. पाहुण्याला नको म्हणू नये. पण पाहुण्यांनीच घर भरलं आणि घरच्यांना निजायला जागा उरली नाही, तर काय म्हणायचं?

मोजल्यावर काय दिसलं

गेल्या काही वर्षांत वडगाव झपाट्याने वाढलं. २०१८ साली ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पुण्या-चिंचवडला नोकरी करणारी माणसं जागा परवडते म्हणून इथे राहायला आली. जिथे भात डोलायचा तिथे चार-चार मजली इमारती आल्या. प्रत्येक इमारतीबरोबर एक लहानशी बाग येते. बाग म्हणजे घसरगुंडी, दोन बाकं आणि कडेने झाडांची रांग.

मागल्या पावसाळ्याआधी आमच्या शेजारच्या चार-पाच जणींनी मिळून आमच्या परिसरातली झाडं मोजायचं ठरवलं. एकीने वही घेतली, एकीने खडू, मोजलेल्या झाडावर खूण करायला. मुलं मागे होतीच. दोन संध्याकाळी लागल्या. हिशेब मांडला तर निम्म्याहून जास्त झाडं तीनच जातींची निघाली. शोभेचे पाम, गुलमोहर आणि सप्तपर्णी. सप्तपर्णी म्हणजे आपलीच सातवीण, घाटातली. एखाद-दुसरी असली तर छानच. पण ओळीने लावली की दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा दर्प असा सुटतो, की काहींचं डोकं दुखायला लागतं.

असं का होतं? झाडं निवडतं कोण, हे बघा. बांधकामवाला रोपवाटिकेत सांगतो, ‘पन्नास झाडं पाठवा, लवकर वाढणारी, गुरांनी न खाल्लेली, कचरा न करणारी.’ रोपवाटिकेत जे ढिगाने असतं ते येतं. टेम्पोतून उतरतं आणि ओळीने लागतं. एखाद्या बाईला विचारा, घरात एका रंगाच्या पन्नास साड्या चालतील का म्हणून!

या मोजणीत एक जांभूळही सापडलं. अवघ्या परिसरात ते एकटंच. शेताच्या बांधावरचं, इमारतीच्या आधीचं. आणि नेमकं तेच तोडायचं घाटत होतं. कारण काय, तर मे-जूनमध्ये जांभळं गाड्यांवर पडतात आणि डाग पडतात. सभेत हा विषय निघाला तेव्हा आम्ही वही पुढे केली. सगळे पाम एकसारखे, त्यातला एक गेला तरी दुसरा तसाच आहे. पण जांभूळ एकच आहे, ते गेलं की जांभूळ ही जातच आपल्या हद्दीतून गेली, हे आकड्यांनिशी दाखवलं. शिवाय परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा, हेही सांगितलं. शेवटी ठरलं ते असं : फळांच्या दिवसांत गाड्या पलीकडे लावायच्या आणि झाडाखाली जुन्या साड्या पसरायच्या. गेल्या मोसमात त्या साड्यांवर इतकी जांभळं मिळाली, की प्रत्येक घरी सरबताची बाटली झाली. तक्रार करणाऱ्यांच्या घरीसुद्धा!

एकाच कोठीतलं धान्य

वेगवेगळ्या जातींची झाडं हवीत, हा नुसता हौसेचा प्रश्न नाही, बरं का. वर्षाची बेगमी करताना आपण काय करतो? गहू वेगळ्या डब्यात, तांदूळ वेगळ्या, डाळी वेगळ्या. एखाद्या डब्यात पोरकिडे झाले तरी बाकीचं धान्य वाचतं. झाडांचंही तसंच आहे.

अमेरिकेत एके काळी गावोगावच्या रस्त्यांवर दुतर्फा एल्म नावाची झाडं होती. फार देखणी, कमानीसारखी. १९३० नंतर तिथे एक बुरशीचा रोग आला, भुंगेऱ्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर पसरणारा. ओळीने एकच जात असल्यामुळे रस्तेच्या रस्ते उघडे पडले. मग त्यांच्या जागी अनेक गावांनी अ‍ॅश ही दुसरी झाडं लावली, पुन्हा ओळीनेच. २००२ साली तिथे हिरव्या रंगाचा एक भुंगेरा सापडला, त्याने ती अ‍ॅशची झाडंही पोखरून टाकली. एकच चूक दोनदा!

आपल्याकडे घडलं नाही असं नका समजू. मुंबईत रस्त्यांवर सावलीसाठी पर्जन्यवृक्ष फार लावलेले आहेत. गेल्या दशकात त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडला. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पडतो ना, त्याच जातकुळीतला. कितीतरी मोठमोठे वृक्ष वाळून गेले. ज्या रस्त्यावर वेगवेगळी झाडं होती तिथली सावली टिकली. जिथे सगळे पर्जन्यवृक्षच होते तिथे ऊन आलं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातले फ्रँक सँटामूर या शास्त्रज्ञांनी १९९० साली एक सोपा हिशेब सुचवला. शंभर झाडांत एका जातीची दहापेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीची वीसपेक्षा जास्त नकोत आणि एका कुळाची तीसपेक्षा जास्त नकोत. प्रजाती म्हणजे सख्खी भावंडं. वड, पिंपळ, उंबर ही अशी भावंडं. कूळ म्हणजे चुलत, मावस सगळे धरून गोतावळा.

हा गोतावळा पाहिलात तर चकित व्हाल. गुलमोहर, बहावा, चिंच, पळस, पांगारा, करंज, शिरीष, कांचन, आपटा, पर्जन्यवृक्ष, गिरिपुष्प, सुबाभूळ... ही इतकी वेगळी दिसणारी झाडं सगळी एकाच कुळातली! आपल्या तूर-मूग-हरभऱ्याच्या कुळातली. शेंगा आठवा म्हणजे पटेल. त्यामुळे बागेत दहा नावं वाचली तरी गोतावळा एकच असू शकतो. वहीत नावापुढे कुळाचा रकाना ठेवा तो यासाठी.

पत्रीची कसोटी

शास्त्रज्ञांचा हिशेब जड वाटत असेल, तर आपल्या घरची एक कसोटी सांगते. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. त्यात माका, आघाडा, दूर्वा यांच्याबरोबर बेल, बोर, शमी, अर्जुन, पिंपळ, अगस्ती म्हणजे आपला हादगा, डाळिंब आणि देवदार अशी झाडंही आहेत. देवदार हिमालयातला, तो सोडून द्या. बाकीच्यांपैकी किती झाडं तुमच्या जवळच्या बागेत आहेत? बाजारातून पत्रीचा वाटा आणून प्रश्न सुटतो, पण त्यात बहुतेक वेळा असतं काय, तर हाताला लागेल तो पाला.

आपले सण म्हणजे झाडांची हजेरीच आहे. वटपौर्णिमेला वड, दसऱ्याला आपटा, कार्तिकात आवळीभोजनाला आवळा. दसऱ्याला तर सर्रास कांचनाची पानं सोनं म्हणून विकली जातात. आपट्याचं पान लहान आणि जाडसर, कांचनाचं मोठं. आणि वटपौर्णिमेला फांदी विकत आणून कुंडीत खोचायची, म्हणजे ज्या झाडाने नवऱ्याला आयुष्य द्यायचं त्याचंच कमी करायचं! फांदी नको, रोप आणा. मात्र वड-पिंपळ भिंतीशी नको, मैदानाच्या कडेला, जिथे त्याला हातपाय पसरता येतील अशा जागी हवा.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपल्या आज्या म्हणायच्या. पण ती केंबरं म्हणजे काय, हे मुलांना सांगायला हरकत नाही. ते चिमुकले कीटक उंबराच्या आत शिरून परागीभवन करतात. आतली फुलं तिथेच असतात, बाहेर दिसत नाहीत. उंबराला त्या कीटकाशिवाय बी नाही आणि कीटकाला उंबराशिवाय घर नाही. वड, पिंपळ, उंबर हे वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी फळतात, म्हणून इतर फळं नसतात तेव्हा पाखरांना हेच पोसतात. पांगारा आणि काटेसावर फुलली की साळुंक्या-बुलबुलांची झुंबड बघा. बहाव्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांची, लिंबा-कढीलिंबावर काळ्या फुलपाखरांची पिल्लं वाढतात. पामवर पाखरू फारसं टिकत नाही.

बागा बघाव्यात त्या कुठे?

वडगावहून दोन्ही बाजूंना चांगल्या बागा आहेत. पुण्याला गेलात तर घोडदौडीच्या मैदानाजवळची एम्प्रेस गार्डन बघा. तिची देखभाल करणारी बागप्रेमींची संस्था १८३० सालची. एकोणचाळीस एकरांत जुने, उंच वृक्ष आहेत आणि जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. गणेशखिंडीतली फळबाग १८७३ सालची. २०२० साली राज्य शासनाने तिला जैविक वारसा स्थळाचा मान दिला. पुणे महापालिकेने शहरातली झाडं मोजली तेव्हा चारशेहून अधिक जाती आढळल्या. पण संख्येने सर्वात जास्त कोण? आपली उंदीरमारी! जाती पुष्कळ असणं वेगळं आणि त्या सारख्या वाटलेल्या असणं वेगळं, हे यातून कळतं.

मुंबईची राणीची बाग म्हणजे १८६२ सालचं वृक्षसंग्रहालयच. तिथे तीन हजारांवर झाडं आणि २८६ जाती आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात तिथल्या झाडांवर संकट येणार असं दिसलं, तेव्हा काही स्त्रियांनीच पुढाकार घेतला. त्यांनी झाडांची नावं, संख्या, महत्त्व सगळं लिहून काढलं आणि पाठपुरावा केला. ‘झाडं वाचवा’ एवढंच म्हणून कुणी ऐकत नाही. ‘ही अमुक जात, हिची इतकीच झाडं’ असं म्हटलं की ऐकावं लागतं.

लोणावळ्याच्या बाजूला गेलात तर रायवुड पार्कमध्ये जा. पावसाळी जंगलात गेल्यासारखं वाटतं. आणि खरी बाग बघायची तर देवराई. मावळातल्याच आजिवली गावची वाघजाईची देवराई प्रसिद्ध आहे, तिथे भेरली माडांची दाटी आहे. देवीचं रान म्हणून पिढ्यान् पिढ्या कुणी कोयता लावला नाही. १९७० नंतरच्या काळात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं. देवराईत कुणी ओळीने झाडं लावली नव्हती, म्हणून तिथे उंच, बुटकी, वेली, झुडपं सगळी एकत्र नांदतात.

या पावसाळ्यात काय कराल?

आधी मोजा. एक वही, पाच रकाने : झाड, कूळ, किती, फुलतं कधी, कोण येतं. नाव अडलं तर प्रा. श्री. द. महाजन यांची देशी आणि विदेशी वृक्षांवरची मराठी पुस्तकं वाचनालयात मागा. मुलांना सुट्टीत याहून चांगला उद्योग नाही.

मग ज्याची वाण आहे ते लावा. लहान जागेत बहावा, आपटा, कांचन, पारिजातक, सीतेचा अशोक, कढीलिंब. मध्यम जागेत तामण, आवळा, बेल, कदंब, करंज. तामणाचं जांभळं फूल हे आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण कितीजणींनी ते जवळून पाहिलं आहे? मोठ्या मोकळ्या जागेत जांभूळ, अर्जुन, उंबर, वड. तुम्ही लोणावळ्याकडे राहत असाल तर हिरडा आणि अंजनी. पुण्याकडे असाल तर कडुलिंब. गुलमोहर असेल तर असू द्या, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, म्हणून पावसाच्या वाऱ्यात घराजवळ तो नको.

दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. खड्डा दोन फूट खोल आणि तेवढाच रुंद घ्या, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत घाला. दोन मोठ्या झाडांत वीसेक फूट तरी अंतर ठेवा. आज रिकामं दिसेल, पण दहा वर्षांनी कळेल. काठीचा आधार द्या, सुतळी सैल बांधा. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायचं काम वाटून घ्या. रोप लावताना फोटोला सगळे असतात, एप्रिलमध्ये बादली घेऊन कुणी नसतं. म्हणून प्रत्येक झाड एकेका घराच्या नावावर करा.

आणि एक कायद्याची गोष्ट लक्षात असू द्या. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात वृक्षगणनेची तरतूद आहे, आणि २०२१ मध्ये केलेल्या बदलाने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. तुमच्या गल्लीत असं एखादं जुनं झाड असेल तर त्याची नोंद झाली आहे का, ते कचेरीत जाऊन विचारा. दोघी-तिघी मिळून जा. एकटीला ‘उद्या या’ सांगतात, चौघींना खुर्ची देतात!

वडगावात अजून इमारती उठायच्या आहेत, म्हणजे अजून बागा व्हायच्या आहेत. त्या कुणाच्या यादीवरून होणार, रोपवाटिकेच्या की तुमच्या-माझ्या, एवढाच प्रश्न आहे. तुमच्याही गावात हेच चाललं असेल. तेव्हा या वेळी हळदीकुंकवाला जमलात की वाणाच्या वस्तूंबरोबर झाडांचाही विषय काढा. प्लॅस्टिकचे डबे घरोघरी पुष्कळ झाले. एकेकीला वेगवेगळ्या जातीचं एकेक रोप वाटा. वीस जणी असाल तर बागेत वीस जाती होतील, आणि येत्या गणपतीला नाही तरी पुढेमागे पत्री बाजारातून आणावी लागणार नाही.